चहा ठेव

मूर्खपणाला शिक्षण लागत नाही म्हणतात. मला लागलं. लोणावळ्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाइलचा वर्ग निघाला होता. त्यात नाव घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुडघे आखडेपर्यंत बसून, शेवटी पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्र घेऊन मग मी तो मूर्खपणा केला. तेव्हा मी अडुसष्टची होते. म्हणजे अगदीच अल्लड वय. आता पंचाहत्तरीला त्या पोरीकडे मागं वळून बघते तेव्हा तिचा कान धरून विचारावंसं वाटतं, की बयो, तुला कुणी बोलावलं होतं का?

काय केलं ते सांगायला फार वेळ लागत नाही. मी सकीनाबीच्या टॅबचं नाव बदललं. सेटिंग्ज उघडली, सरकत सरकत 'टॅबलेटविषयी'पर्यंत गेले, नावावर बोट ठेवलं, जुनं पुसलं, नवं लिहिलं आणि सेव्ह केलं. आत तिचं दूध शेगडीवर होतं. ते वर यायच्या आत माझं उरकलं होतं.

पण सकीनाबी कोण, हे कळल्याशिवाय हे कळायचं नाही.

कामशेतच्या बाजारात पवनानगरच्या जीपा जिथं भरतात, त्याच्या बरोबर समोर तिचं दुकान. ताडपत्री, दोर, सुतळी, मच्छरदाण्या, गमबूट. भातवाल्यांना ताडपत्री लागायची झोडणीला, पवनेच्या काठी तंबू टाकणाऱ्यांना लागायची पावसाला. दुकानामागं दोन खोल्या. त्यात ती आणि तिचा मुलगा अस्लम. नवरा गेला तेव्हा अस्लम रांगत होता. मी रस्त्याच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. दुसऱ्यांचं बोलणं जोडून देताना थोडं कानावर पडायचंच. निवृत्त झाले तरी कानाची खोड गेली नाही. म्हणून दिवसभर खिडकीत, आणि खिडकीतून भागेना की खाली उतरून तिच्या दुकानातल्या सुतळीच्या गोणीवर.

बायका अंबाड्यात फूल खोवतात, सकीनाबी दाभण खोवायची. ताडपत्री शिवायची ती जाड सुई. बोलता बोलता हात मागं जायचा, दाभण निघायची, दोन टाके पडायचे, दाभण परत अंबाड्यात. गाठ मारली की तिचं एक टोक मुद्दाम लांब सोडायची. "गाठ मारणाऱ्यानं सोडणाराचा इचार करावा, आक्का. तो अंधारात आसंल, गडबडीत आसंल." तिनं बांधलेला गठ्ठा त्या टोकाला धरून ओढला की फुलासारखा उलगडायचा. मी बांधलेला गठ्ठा ती न बोलता सोडायची आणि पुन्हा बांधायची.

पुण्याची पोरं शनिवारी तंबू घेऊन निघायची, त्यांच्याशी तिचं चांगलं जमायचं. एकानं विचारलं, "मावशी, ही ताडपत्री नक्की वॉटरप्रूफ आहे ना?" ही म्हणाली, "ताडपत्री हाय बाबा. तंबू लावणारा वॉटरप्रूफ हाय का त्येवडं बग." पोरं हसली आणि दोन जास्तीच्या घेऊन गेली.

पण दोर मागायला कुणी आलं की तिचं हसणं थांबायचं. आधी एकच प्रश्न, "काय बांधायचंय?" म्हैस म्हटलं तर एक दोर, झोका म्हटलं तर वेगळा. आणि ज्याला सांगता यायचं नाही, त्याला दोर मिळायचा नाही. एकदा पावसात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चांगले बूट. मावळातला नव्हता.

"नायलॉनचा दोर द्या."

"काय बांधायचंय?"

त्यानं खिशातून पाकीट काढलं.

"काय बांधायचंय, भाऊ?"

"असंच. लागतो."

"असंच बांधायचा दोर न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. "बसा. हे टोक धरा जरा. ह्या आक्कांच्यानं धरवत न्हाई नीट."

एवढी मोठी ताडपत्री तिला त्या दिवशी शिवायची नव्हतीच. पण दुपारभर त्याला टोक धरून बसवलं. मध्ये चहा दिला. हिनं पुन्हा काही विचारलं नाही. संध्याकाळी उठताना तो म्हणाला, काहीतरी द्या तरी. तिनं सुतळीची एक गुंडी हातात ठेवली. तो स्टेशनकडं गेला. मी अर्थातच गहिवरले. म्हटलं, "सकीना, वाचवलंस गं एकाला!"

तिनं दाभण अंबाड्यात खोवली. "कुनाला ठावं, आक्का. दोराचं दुकान काय येकलं माझंच हाय व्हय? तळेगावात लय हायेत."

त्यानंतर किती तरी दिवस ती स्टेशनकडून येणाऱ्या प्रत्येकाला त्या शर्टाबद्दल विचारायची. काही कळलं नाही. कधीच कळलं नाही.

अस्लम पवनेच्या काठी एका कॅम्पवर कामाला होता. संध्याकाळी दत्ताच्या जीपमधून परत यायचा. जीप थांबून तो खाली उतरायच्या आत इकडं आधण ठेवलेलं असायचं. कधी सहाला आला, कधी आठला आला, तरी चहा बरोबर त्या वेळेलाच उकळत असायचा. मला याचं कोण कौतुक! बाजारात चारचौघींना सांगायचे, बघा, आईच्या काळजाला कळतं. तिथं तार लागत नाही की टॉवर लागत नाही. टेलिफोनमध्ये हाडं झिजवलेली बाई हे सांगत होती, म्हणून लोकांनाही खरं वाटायचं.

मग त्याचं लग्न ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. तो दोनदा नको म्हणाला, हिनं दोनदा हसण्यावारी नेलं. स्टीलची भांडी आली. ताटं, वाट्या, तांबे, पिंप, सगळ्यांवर बाजारातल्या माणसाकडून मशीननं नाव कोरून घेतलं: अस्लम. निकाहाच्या आदल्या दिवशी सकाळी तो कॅम्पवर जातो म्हणून गेला आणि आलाच नाही. दुपारी त्याचा फोन आला. दुकानात पाहुणे बसलेले, मुलीकडचे बसलेले. सगळ्यांदेखत सकीनाबी फोनमध्ये म्हणाली, "परत ह्या दारात दिसू नगंस. ह्या घरात तुझ्या नावाचं कोन न्हाई."

मी खिडकीत होते. एक्स्चेंजमध्ये असते तर ती लाइन मीच तोडली असती, पहिल्या वाक्याच्या आत. पण मी नुसती खिडकीत होते.

त्यानं नंबर बदलला. कॅम्प सोडला. कुणी म्हणे वापीला आहे, कुणी म्हणे गोव्याला.

भांडी राहिली. तिची नणंद म्हणाली, नाव घासून टाक, दुसऱ्या कुणाच्या लग्नात देता येतील. सकीनाबीनं एक वाटी उचलून उजेडात धरली. "नाव घासून जातं. पर भांडं पातळ हुतं." आणि ती त्याच ताटात जेवत राहिली. आलेल्या-गेलेल्याला पाणीही त्याच तांब्यातून. पाणी पिताना अंगठ्याखाली ते खरखरीत नाव लागायचं.

आणि राहिला तो टॅब. अस्लमनंच तिला आणून दिलेला. दोरांच्या भेंडोळ्यांशेजारी फळीवर उभा करून ठेवलेला, कायम चालू, कायम वायर लावलेला. पावसात वीज गेली की ही ताडपत्रीत गुंडाळून तो माझ्याकडं घेऊन यायची. "आक्का, तुमच्या इन्व्हर्टरवर लावा जरा. बंद पडू दिऊ नगा." एवढं जपायची, पण त्यावर कधी मालिका बघितली नाही, कधी गाणं लावलं नाही. मला वाटायचं, बिचारीला वापरता येत नाही. आणि माझ्याकडं तर प्रमाणपत्र होतं!

रमजान ईद दुसऱ्या दिवसावर आली होती. ती आत शेवयांच्या मागं. मी गोणीवर. सहज टॅब हातात घेतला, वर्गात शिकवलेलं सगळं त्याच्यावर करून बघत बसले, आणि नाव दिसलं. त्या टॅबचं नाव होतं 'चहा ठेव'.

माझं डोकंच फिरलं. जन्मभर एकटीनं दुकान चालवलेली ही बाई, हिच्या स्वतःच्या वस्तूवर हिचं नाव नाही आणि काय आहे, तर हुकूम. चहा ठेव म्हणे! पळून गेलेल्या पोराची मस्ती. मी मनातल्या मनात एक छोटंसं भाषण केलं, त्याला टाळ्याही घेतल्या. आणि ते पुसून लिहिलं: 'सकीनाबी मालकीण'. भांड्यावर नाव घालावं तसं. म्हटलं, ही माझ्याकडून ईदी. सांगायचं नाही. तिचं तिला दिसू दे.

आतून ती म्हणाली, "काय करताय वो, आक्का?"

"काही नाही गं. गंमत."

ईदेच्या दिवशी मी शीरखुर्मा प्यायला गेले. ती नवी साडी नेसून दुकानातच बसली होती, टॅब समोर घेऊन. आज तरी मागच्या खोलीत पाय पसर म्हटलं, तर नको म्हणाली. शेगडीवर पातेलं होतं, त्यात पाणी होतं, खाली गॅस नव्हता. ती टॅबकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. आता हिला नाव दिसेल, आता ही हसेल. जीपा आल्या, जीपा गेल्या. अंधार पडायला लागला तशी ती उठली आणि पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. मला वाटलं, दमली असेल.

आठ-दहा दिवसांनी दत्ता जीप लावून दुकानात आला. मी होतेच. तो बसेना. टोपी काढली, परत घातली.

"मावशी, त्यानं शप्पत घातलीती. पर आता ऱ्हावत न्हाई मला. अस्लम आलता ईदेला."

सकीनाबीचा हात दाभणीवर थांबला.

"माझ्याच जीपमधी आलता, दरसालासारखा. माघं बसून. फोन बगत व्हता. मग खाली उतरला, पार तुमच्या दुकानाम्होरं हुबा ऱ्हायला. लय येळ. परत आला आन म्हनला, दत्ताभाऊ, आयनं आमचं नाव काडून टाकलं. आता तितं मालकीन लिवलंय. मी म्हनलं, आरं आत जा की. तर म्हनला, न्हाई, ती बोलली हुती तेच खरं. आन गेला स्टेशनाकडं."

सकीनाबीनं टॅब उचलला. तिला वाचता येत होतं, हळूहळू, अक्षराला बोट लावून. तिनं ते वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मी बदललं," मी म्हणाले. अडुसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

दत्ता गेल्यावर तिनं सांगितलं ते असं. त्या टॅबवरून अस्लम आपल्या फोनला इंटरनेट घ्यायचा. जीप बाजारात शिरली की त्याचा फोन टॅबचं नाव ओळखून आपोआप जोडला जायचा, टॅब टुंग वाजायचा, त्यावर अस्लमचं नाव यायचं. 'चहा ठेव' हे त्यानं त्यासाठीच ठेवलेलं. तो वाजला की हिनं आधण टाकायचं. नाव बदललं की फोनला टॅब ओळखू यायचा नाही, आणि टॅब वाजायचाही नाही. मी बाजारभर सांगितलेलं आईचं काळीज ते हे.

तो पळून गेल्यावर पहिल्या ईदेला टॅब अचानक वाजला. अस्लमचं नाव आलं. हिनं हातातलं टाकून चहा ठेवला, दोन कप भरून दुकानाच्या फळीवर ठेवले, रस्त्यावरून दिसतील असे. कुणी आलं नाही. थोड्या वेळानं नाव गेलं. दुसऱ्या ईदेला तेच.

"मग बाहेर का नाही गेलीस गं? समोरच तर होता!"

"भाईर गेले आसते तर पळाला आसता. बुजलेलं जनावर, आक्का. त्याला लांबून चारा दावावा आन आपन कामात हाय आसं करावं." ती बोटांनी सुतळी सोलत होती. "दरसाली वाईच जास्त थांबायचा. गेल्या साली तर चहा गार हुईस्तोर नाव हुतं त्येच्यावर. मी म्हनलं, अवंदा..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुढंही कधी केलं नाही.

मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "पयलं हुतं तसं करता येतं?"

"येतं."

"करा."

मी केलं. तीच सेटिंग्ज, तेच सरकणं. 'चहा ठेव' परत आलं, जसंच्या तसं. काहीच बिघडलेलं नव्हतं. यंत्राच्या बाजूनं बघितलं तर काहीच बिघडलेलं नव्हतं.

मग मी धडपड केली. पवनेकाठचे कॅम्प पालथे घातले, दत्ताला पिडलं, माझ्या पुण्याच्या नातीला बसवून अस्लम नावाची शेकडो पोरं तिच्या फोनमध्ये बघितली. ती दमून म्हणाली, "आजी, ज्याला सापडायचं नाही तो नाही सापडत." दत्तानं मात्र एक वचन दिलं, दिसला तर सांगेन की ते मालकीण आईनं नाही लिहिलं, समोरच्या म्हातारीनं लिहिलं. पण तो दत्ताच्या जीपमध्ये परत चढलाच नाही.

पुढची ईद आली. आम्ही दोघी टॅबसमोर बसलो. पातेल्यात पाणी. त्याच्या पुढचीही आली. सकीनाबी मला कधी म्हणाली नाही की येऊ नका. गोणीवरची माझी जागा तिनं झटकून ठेवलेली असायची. फक्त गिऱ्हाइकाशी हसणं कमी झालं, आणि एके दिवशी लक्षात आलं, की दोर मागायला आलेल्याला ती आता काही विचारत नाही. मागेल तेवढा मोजून देते.

मग डोळे गेले. पूर्ण नाही, पण दाभण ओवता येईना. बेगडेवाडीला भाऊ होता, तो न्यायला आला. दुकान दुसऱ्यानं घेतलं, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. भांडी तिनं नेली, नावासकट.

मी कामशेत स्टेशनवर पोचवायला गेले. दुपारची लोकल, फलाट रिकामा. भाऊ सामान घेऊन पुढं उभा. ती बाकावर, मांडीवर पिशवी. अंबाड्यात दाभण होतीच, सवयीनं. लोकल कान्ह्याकडून येणार की लोणावळ्याकडून, हेही तिला आता आवाजावरून ओळखावं लागत होतं. चाचपडत तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. टॅब आणि त्याची वायर, सुतळीनं बांधलेली. घरी येऊन सोडायला गेले तर गाठीला टोकच नव्हतं. तिच्या हातची ती पहिली गाठ, जी मला कात्रीनं कापावी लागली.

तो टॅब माझ्या खिडकीत आहे. चालू आहे. नाव तेच आहे. मागच्या महिन्यात नात म्हणाली, "आजी, कशाला वीज जाळतेस?" मी वायर घट्ट बसवली. अजून तो वाजलेला नाही. मी खिडकीतून हलत नाही; संध्याकाळची जीप लागली की पातेल्यात पाणी घालून बसते, आणि अंधार पडला की मोरीत ओतते.

त्या दिवशी फलाटावर मी तिला म्हणाले होते, "अगं, तूच ने. तुझा आहे तो." ती म्हणाली, तिकडं नेऊन काय करू, त्याला हीच जागा ठाऊक. गाडी आली. भावानं दंडाला धरून तिला चढवलं. दारातल्या दांड्याला धरून ती वळली, माझ्याकडं म्हणजे मी असेन त्या बाजूला, आणि रागानं नव्हे, अगदी दोराचं माप सांगावं तशी म्हणाली:

"आक्का, माझ्यानं आता वाट बघवत न्हाई. तुमी बघा. तुमाला बघायलाच पायजे."